शेक म्हणजे भाजणे नव्हे

पेठकडच्या पाड्यावरचे एक वडील अंबडच्या आमच्या कार्यालयात आले. मुलाच्या मेंदूत गाठ. डॉक्टरांनी शेक सांगितलेला. पोर भाजेल म्हणून हे घरी परतायच्या बेतात! मी म्हटले, दादा, ही आग नव्हे. नेहमीचे क्ष-किरण गाठ ओलांडून पुढेही जातात. प्रोटॉन हे विद्युतभारित कण मात्र ठरावीक खोलीवर थांबतात आणि थांबतानाच सर्वाधिक ऊर्जा सोडतात. तिथे पेशीतला डीएनए तुटतो. त्याचे दोन्ही धागे तुटले, की कर्कपेशीला दुरुस्ती अवघड जाते, ती मरते. गाठीमागचा निरोगी मेंदू बराच वाचतो. खारघरला टाटा स्मारकच्या केंद्रात २०२३ पासून हे उपचार होतात. सर्वांनाच ते लागत नाहीत. “दुखतं का?” शेक घेताना नाही, पुढे थकवा येतो, केस गळतात. मंगळवारी बापलेक खारघरला निघाले.