रातांधळा आणि दिवांध : जन्मजात पूर्ण वर्णांधत्व व मराठीतील दृष्टिवाचक शब्द

रात्री ज्यास दिसत नाही त्यास मराठीत रातांधळा म्हणतात. हा शब्द पंडितांचा नव्हे. परभणी जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात तो उच्चारला तर स्पष्टीकरण करावे लागत नाही. कारण ज्या विकाराचे ते नाव आहे, तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी येणारा विकार गरिबीच्या व अवर्षणाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा होता. याच्या उलट, दिवसा ज्यास दिसत नाही आणि दिवस कलला की ज्याची दृष्टी सुधारते, अशा माणसासाठी बोलीत शब्द नाही. दिवांध व दिवाभीत हे दोन संस्कृत शब्द ग्रांथिक मराठीत आढळतात. परंतु ते दोन्ही घुबडाचे आहेत. त्यांपैकी दिवाभीत हा माणसास लावला, म्हणजे त्याचा अर्थ ‘चारचौघांत तोंड दाखविण्यास भिणारा’ असा होतो. तेथे दृष्टीचा संबंध संपतो आणि स्वभावाचा दोष सुरू होतो.

अशी माणसे नाहीत म्हणून शब्द नाही, असे मात्र नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून त्यांत ‘ह्रस्वजाड्य’ नावाचा एक रोग आहे. त्यातील रोग्यास दिवसा मोठ्या कष्टाने दिसते. आजच्या कोणत्याही एका विकाराशी या प्राचीन वर्णनाचे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. एवढे खरे की, असा रोगी वैद्यांच्या पाहण्यात आला होता; त्याचे नाव मात्र लोकभाषेत कधी उतरले नाही.

आजच्या नेत्रवैद्यकात या लक्षणांचा सर्वांत निःसंदिग्ध विकार म्हणजे जन्मजात पूर्ण वर्णांधत्व. डोळ्याच्या पडद्यात दोन जातींच्या प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांतील दंडपेशी सुमारे बारा कोटी असून त्या मंद प्रकाशात काम करतात. शंकुपेशी साठ लाखांच्या आसपास असून दिवसाची दृष्टी, बारीक तपशील आणि रंग ही कामे त्यांच्याकडे असतात. या विकारात शंकुपेशी जन्मापासूनच निकामी असतात. डोळ्यास रात्रीसाठी जी सामग्री मिळाली आहे, तिच्यावरच त्या माणसाने दिवसही काढावयाचा असतो. दंडपेशी प्रखर प्रकाशात संपृक्त होतात, म्हणजे अधिक प्रकाशाला अधिक प्रतिसाद देण्याची त्यांची शक्ती संपते आणि समोर केवळ पांढरा झगमगाट उरतो.

सामान्य दृष्टीच्या वाचकास याची थोडी कल्पना घरच्या घरी येऊ शकेल. टिपूर चांदण्यात दिवे मालवून अंगणात हळदीकुंकवाचे करंडे उघडून ठेवावेत. हळद पांढुरकी दिसते आणि कुंकू जवळजवळ काळे. अशा वेळी सर्वांचेच डोळे दंडपेशींवर चालतात, आणि या पेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. मंद उजेडात तांबडे काळवंडते, ही गोष्ट पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदविली होती. पूर्ण वर्णांध माणसास कुंकू भर दुपारीही तसेच दिसते. फरक एवढाच की दुपारी त्यास डोळेच उघडे ठेवता येत नाहीत.

हा विकार सुमारे तीस हजारांत एकास होतो. मूल काही आठवड्यांचे झाले की त्याचे डोळे आपोआप लवलवू लागतात. उजेडात ते डोळे मिटून घेते, तान्हेपणी कित्येकदा रडते. पुढे दृष्टीची तीक्ष्णता बहुधा ६/६० च्या आसपास राहते, म्हणजे इतरांस साठ मीटरांवरून वाचता येणारे अक्षर यास सहा मीटरांवर यावे लागते. चष्म्याने ही उणीव भरून निघत नाही. एक गोष्ट मात्र आईबापांना प्रथमच स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे, आणि ती पुष्कळदा सांगितली जात नाही : हा विकार बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर जवळजवळ स्थिर राहतो. मूल पुढे आंधळे होणार, या भीतीने देवऋषी आणि दवाखाने यांच्यामध्ये जी वर्षे जातात, ती जाण्याचे कारण नसते.

आता परभणीचा उजेड पाहावा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा हा सपाट मुलूख; उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, झाडोरा तुरळक, घरांवर पत्रे. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि काळ्या रानावर पांढरे पसरते. या प्रदेशात शाळा, बाजार, वेचणी, एस. टी. ची वाट पाहणे, सर्व काही उघड्या उन्हात होते. पूर्ण वर्णांध मूल येथे कसे वावरते? ते मान खाली घालते, कपाळावर हाताचा आडोसा धरते, पापण्या मिचकावीत राहते, सावलीच्या कडेने चालते, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांस डोळा भिडवीत नाही.

येथे मराठी भाषेची अडचण सुरू होते. या प्रत्येक लक्षणास मराठीत शब्द आहे. पण तो शब्द शरीराचा न राहता मनाचा झालेला आहे. मिचमिच्या डोळ्यांचा माणूस कथाकादंबऱ्यांत सहसा कपटी असतो. भिरभिरती नजर चोराची. नजरेस नजर न देणारा खोटे बोलतो, आणि उजेड टाळणारा तो दिवाभीत. ‘डोळे दिपणे’ हे क्रियापद त्यातल्या त्यात निर्मळ आहे. पण ते क्षणाचे आहे. विजेने डोळे दिपतात आणि पुन्हा दिसू लागते. सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत डोळे दिपलेलेच असणे, ही अवस्था त्या क्रियापदात मावत नाही. म्हणून मूल जेव्हा “दिवसा दिसत नाही, रात्री दिसते” असे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्यास ते नुसते चमत्कारिक वाटत नाही. ते ढोंग वाटते. सकाळी फळ्यावरील अक्षर न दिसणारा मुलगा दिवेलागणीला अंगणात बिनचूक पळताना दिसला, तर या समजास पुरावाच मिळतो.

‘नजर कमी आहे’ हा प्रयोगही असाच फसवा होय. त्यातून चाळिशी किंवा मोतीबिंदू सूचित होतो, आणि चष्मा लावूनही दिसत नाही म्हटले की ऐकणारा चष्म्यास नावे ठेवतो. मराठी मनात आंधळा व डोळस असे दोनच रकाने आहेत. ‘अधू’ हा शब्द त्यांच्या मधे उभा आहे खरा, पण तो हातापायांसही लागतो आणि काय उणे आहे ते सांगत नाही. २०११ च्या जनगणनेतही दृष्टीच्या अपंगत्वास एकच रकाना होता.

‘रंगांधळा’ म्हणावे, तर तोही शब्द आधीच गुंतलेला आहे. सामान्यतः त्याने तांबड्या-हिरव्याची गल्लत अभिप्रेत असते. तो दोष बहुधा पुरुषांत आढळतो, त्यात नजर तीक्ष्ण असते आणि ऊन बाधत नाही. पूर्ण वर्णांध माणसाची मुख्य तक्रार रंगांविषयी नसतेच. रंगांची नावे तो शिकतोही उत्तम. पान हिरवे, रक्त तांबडे, आभाळ निळे, हळद पिवळी हे संबंध भाषेतूनच मिळतात, आणि पहाटेला ‘तांबडे फुटले’ म्हणण्यास तांबडा रंग दिसावा लागत नाही. यामुळेच घरच्यांच्या लक्षात ही उणीव उशिरा येते. मूल शब्द बरोबर वापरते. त्या शब्दांखाली अनुभव वेगळा आहे, याचा पत्ता लागत नाही.

या बाबतीत इंग्लंडमधील मेरीपोर्ट गावच्या हॅरिस नावाच्या चांभाराची हकीकत उद्‌बोधक आहे. जोसेफ हडर्ट याने ती १७७७ मध्ये कळविली. हॅरिस लहानपणी रस्त्यात सापडलेला एक पायमोजा परत करावयास गेला, तेव्हा लोक त्यास ‘तांबडा मोजा’ म्हणू लागले. ‘मोजा’ एवढे म्हटले की वर्णन पूर्ण झाले, अशी त्याची समजूत होती. आणखी एक शब्द कशाला, हे त्यास कळेना. हॅरिसचा दोष नेमका कोणत्या जातीचा होता याविषयी मतभेद आहेत. परंतु विशेषण हे काही लोकांसाठी निव्वळ ध्वनी असू शकते, हे शब्दार्थाच्या अभ्यासकास याहून थोडक्यात कोणी सांगितलेले नाही.

लिपीचा प्रश्न याहून व्यवहाराचा आहे. ६/६० दृष्टीचे, लवलवत्या डोळ्यांचे मूल देवनागरी वाचू शकते. त्यास सरसकट ब्रेलकडे वळविण्याचे कारण नाही. पूर्वी अशा मुलांची उरलेली दृष्टी ‘जपून’ ठेवण्यावर भर असे, जणू वापरल्याने ती झिजते. नॅटली बरागा या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विदुषीने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाने ही समजूत मागे पडली. सरावाने असल्या दृष्टीचा उपयोग वाढतो असे दिसून आले. देवनागरीच्या काही अडचणी मात्र खास तिच्याच आहेत. शिरोरेषा अक्षरांस एकमेकांस जोडते, आणि भेद दाखविणाऱ्या खुणा रेषेच्या वर, खाली किंवा टोकाशी असतात. वश आणि वंश यांत एका टिंबाचा फरक. घन व धन, भरण व मरण यांतील भेद शिरोरेषेच्या एका लहानशा खंडात. बळ आणि वळ यांत पोटातली एक तिरपी रेघ. ‘ख’ सैल छापला की ‘रव’ होतो. संदर्भाने प्रौढ वाचक हे भरून काढतो. पहिलीतील मुलाजवळ संदर्भ नसतो. म्हणून मोठा टाईप, ओळींत अंतर, चकचकीत नसलेला कागद आणि खिडकीकडे पाठ करून पुढच्या बाकावरची जागा या गोष्टींनी जे साधते, ते शिक्षा करून साधत नाही. काळ्या फळ्यावर पांढरा खडू यास उत्तम दिसतो. तांबडा खडू जवळजवळ दिसतच नाही.

हा विकार अप्रभावी आनुवंशिकतेने येतो. आईबाप दोघेही स्वतः डोळस, पण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडेही असली, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक. मराठवाड्यात या गणितास नात्यांच्या शब्दांचा आधार आहे. सून सासूस आत्याबाई आणि सासऱ्यास मामंजी म्हणते. म्हणजे सासू ही बापाची बहीण आणि सासरा हा तिचा नवरा, हे भाषेने गृहीत धरले आहे. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या महाराष्ट्रातील चालीचा विचार केला आहे. तीस हजारांत एक हे प्रमाण धरून हिशेब केला, तर आते-मामे भावंडांच्या विवाहात हा संभव अडीच हजारांत एक, आणि मामा-भाचीच्या विवाहात सुमारे तेराशेंत एक असा निघतो. वाढ मोठी आहे. तरीही अडीच हजारांपैकी उरलेल्यांस काहीही होत नाही. घरात असे मूल जन्मले म्हणून सुनेच्या माहेरास बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, या जनुकाची एक प्रत मुलाच्या बापाकडूनही आलेली असते.

पॅसिफिक महासागरातील पिंगेलॅप या लहानशा बेटावर १७७५ च्या सुमारास वादळाने सुमारे वीसच माणसे जिवंत ठेवली. त्यांच्या वंशात हा विकार इतका पसरला की आज तेथील दहा ते पंचवीस माणसांमागे एक पूर्ण वर्णांध आहे. नॉर्वेचा दृष्टिशास्त्रज्ञ क्नुट नूर्डबी (१९४२–२००५) हा स्वतःच पूर्ण वर्णांध होता. १९९४ मध्ये ऑलिव्हर सॅक्सबरोबर तो तेथे गेला. सॅक्सने पुढे त्या प्रवासावर ग्रंथ लिहिला. त्या बेटाच्या भाषेत या विकारास ‘मस्कुन’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. त्याचा अर्थ ‘न दिसणे’ एवढाच. शब्द काही फार अचूक नाही. पण तो सर्वांस ठाऊक आहे, त्यात शिवी नाही, आणि ‘मस्कुन’ म्हटले की ऊन का सोसत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. हे लोक रात्रीच्या मासेमारीत तरबेज समजले जातात.

आपल्याकडे शब्द आता कायद्याच्या वाटेने येत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, चांगल्या डोळ्याची सुधारित दृष्टी ६/१८ पेक्षा अधिक नसून ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी ठरते. दृष्टिक्षेत्र चाळीस अंशांहून कमी, पण दहा अंशांपर्यंत असले तरीही तसेच. मराठी कागदपत्रांत यास कोठे ‘अंशतः अंध’ तर कोठे ‘अल्पदृष्टी’ म्हटलेले आढळते. पहिला शब्द गेलेले मोजतो, दुसरा उरलेले. दुसराच स्वीकारणे इष्ट. मात्र कायद्याच्या व्याख्येत उजेडाचा उल्लेख नाही. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत जो मनुष्य तक्त्यावरील दोन ओळी वाचतो, तोच दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताच पायरी चुकतो, आणि प्रमाणपत्रावर आकडा खोलीतला येतो.

निदानासाठी पडद्याची विद्युत्-तपासणी लागते. तीत दंडपेशींचा प्रतिसाद मिळतो आणि शंकुपेशींचा मिळत नाही. ही सोय मोठ्या नेत्ररुग्णालयांतच असते. परभणीकरांस हैदराबाद रेल्वेने जुन्या ओळखीचे. तेथे १९८७ मध्ये स्थापन झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. जनुकोपचाराचे प्रयोग काही देशांत चालू आहेत, पण प्रस्थापित उपचार अद्याप नाही. तोपर्यंत गडद तांबड्या काचांचा चष्मा हाच मोठा आधार होय : दंडपेशींस तांबडे जाणवत नसल्याने अशी काच त्यांच्यापुरती दुपारची सांज करते. त्यावर रुंद काठाची टोपी, किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर. दूरच्या पाटीसाठी एका डोळ्याची लहान दुर्बीण. अलीकडे भ्रमणध्वनीचा कॅमेराही तेच काम करतो.

शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीस येते. त्या वेळी पिकास पाणी देण्यास जाणे हे कोणाच्याही आवडीचे काम नसते. अंधारात सरी फुटली तर कळत नाही, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. चांदण्या रात्री पूर्ण वर्णांध माणूस त्या रानात इतरांच्या बरोबरीने पाहतो, आणि सकाळी घरी परतावयाचे ते ऊन वर येण्याच्या आत.