युआन श्वांगचे कान

एखाद्या चिनी माणसाला ‘इस्लापूर’ लिहायला सांगितलं, तर तो काय लिहील? साधारण असं: इ-स-ला-फु-अर.

हसू नका! चिनी लिपीत आपल्यासारखी क, ख, ग अशी सुटी अक्षरं नसतात. एक चिन्ह म्हणजे एक अख्खा उच्चार. मग परकं नाव आलं की त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या जवळपासचा आवाज असलेलं चिन्ह शोधायचं. ‘स्ला’चं जोडाक्षर तिथे टिकतच नाही, फुटतं.

इस्लापूरच्या मुलांना तर हे नवं नसावं. त्यांचा किनवट तालुका म्हणजे तेलंगणाचं दार. आदिलाबादकडचे पाहुणे बसला ‘बस्सु’ आणि रोडला ‘रोड्डु’ म्हणताना ऐकलंय ना? तेलुगूला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, चिनीला जोडाक्षर चालत नाही. आणि आपण स्टेशनचं ठेसन करतोच की!

आता हे नाव वाचा: मो-हो-ला-चा. ओळखा पाहू कुठलं गाव?

गाव नाहीच, महाराष्ट्र आहे! सुमारे 1400 वर्षांपूर्वी युआन श्वांग नावाचा चिनी बौद्ध भिक्षू इथे आला, तेव्हा त्याच्या कानांनी ‘महाराष्ट्र’ असा टिपला. (त्या चिन्हांचे आजचे उच्चार हे असे. तेव्हाचे थोडे वेगळे होते.) मो या चिन्हाचा एरवी अर्थ घासणं आणि हो म्हणजे दटावणं! पण तो अर्थ इथे सोडून द्यायचा, फक्त आवाज घ्यायचा.

हा माणूस मोठा धाडसी. सम्राटाची बंदी मोडून देशाबाहेर पडला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडत भारतात आला आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. तो आपल्याकडे आला तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसं उंच आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. दुसरा भाग आजही बऱ्यापैकी खरा आहे, असं माझं मत! आपल्या पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याबद्दल मात्र तो काहीच लिहीत नाही. पैनगंगेचं नुकसान झालं, दुसरं काय.

पण एका डोंगरातल्या विहाराबद्दल त्याने भरभरून लिहिलंय. वर्णनावरून ते अजिंठा असावं, असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं. दाराबाहेर दोन बाजूंना दोन दगडी हत्ती. लोकांनी त्याला सांगितलं, ‘हे हत्ती कधीकधी ओरडतात आणि मग जमीन हलते!’

दगडी हत्ती कसा ओरडेल? पण लातूरकडच्या आजी-आजोबांना विचारा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला मोठा भूकंप झाला. त्याआधीच्या वर्षी तिथे लहान लहान धक्के बसत होते आणि जमिनीखालून गुडगुड ऐकू येत होती. भूकंपात आधी येणाऱ्या लाटा खडकाला पुढेमागे दाबत-सोडत जातात, अगदी हवेतल्या आवाजासारख्या. त्या जमिनीपर्यंत पोचल्या की जमीन ढोलाच्या कातड्यासारखी थरथरते आणि तिच्यावरची हवाही हलते. धक्का उथळ असेल तर हे कानाला ऐकू येतं. कधीकधी तर आवाज आधी आणि हादरा मागून! कारण जोराने हलवणाऱ्या लाटा जरा सावकाश येतात.

म्हणजे ‘हत्ती ओरडला, मग जमीन हलली’ हा क्रम चुकीचा नाही. चुकला तो फक्त हत्ती. अर्थात हा माझा अंदाज. त्या काळचा भूकंपमापक काही आपल्याजवळ नाही.

त्याच विहारात 70 फुटांहून उंच बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यावर सात दगडी छत्रं कशालाही न टांगता अधांतरी आहेत, असंही तो लिहितो. लोहचुंबक असेल? पण लोहचुंबक दगडाला कुठे ओढतो! कुणी म्हणे एका अर्हताच्या, म्हणजे सिद्ध भिक्षूच्या, संकल्पाचं बळ, कुणी म्हणे चमत्कार, कुणी म्हणे औषधविद्या. युआन श्वांगने तिन्ही मतं लिहिली आणि पुढे म्हटलं, खरं कारण सापडलेलं नाही. मला हा माणूस इथे सगळ्यात जास्त आवडतो. अजिंठ्यात एवढी उंच मूर्ती नाही, अशी अधांतरी छत्रंही नाहीत. त्यामुळे तो स्वतः तिथे गेलाच नसेल, नुसतं ऐकून लिहिलं असेल, असंही काही अभ्यासक म्हणतात.

हत्ती मात्र आहेत. अजिंठ्याला गेलात तर सोळाव्या लेण्याच्या दाराशी थांबा, दोन्ही बाजूंना दिसतील. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी लेणी बंद असतात.