उसाच्या पट्ट्यातून शाश्वत विकासाच्या वर्गात

परदेशी उच्चशिक्षणाची वाट : भाग ६

गेल्या भागात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या नेहमीच्या वाटा पाहिल्या. या भागात तुलनेने नवी शाखा : शाश्वत विकासाचे पदव्युत्तर शिक्षण. १९८७ मध्ये ब्रुंटलंड आयोगाने आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला धक्का न लावणारा विकास, अशी मांडणी केली. त्यानंतर विद्यापीठांतून या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम उभे राहिले. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने १९९७ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, तर अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी वेगळे स्कूलच काढले.

दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या विद्यार्थ्याने यातला अभ्यासक्रम निवडायचा कसा? माझे उत्तर असे, की विद्यापीठाच्या क्रमवारीआधी आपल्या शिवारातला प्रश्न पाहा.

पहिला प्रश्न पाण्याचा. खडकवासल्याच्या पाण्यावर पुणे शहराची तहान भागते आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरचा ऊसही उभा असतो. उन्हाळी आवर्तन कधी सुटणार, याची चिंता इथल्या शेतकऱ्याला चुकत नाही. शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून खाली येते, भीमेला मिळते आणि उजनीत साठते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडकडे सोडले जाते. त्या पाण्याने माती, विहिरी आणि पिके यांचे काय होते, हा नेदरलँड्समधल्या आयएचई डेल्फ्ट या संस्थेत शिकण्याजोगा प्रश्न आहे. ही संस्था १९५७ पासून जगभरच्या विद्यार्थ्यांना पाण्याचेच शिक्षण देते. सिंचन आणि जमिनीच्या अभ्यासासाठी त्याच देशातले वाखनिंगन विद्यापीठ नावाजलेले आहे.

दुसरा प्रश्न गुऱ्हाळांचा आणि पाचटाचा. दौंड तालुक्यात काही गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडाबरोबर प्लास्टिक आणि टाकाऊ माल जाळला जात असल्याच्या तक्रारी वारंवार होतात. ऊस तुटून गेला की फडातले पाचट पेटवले जाते. इंधन, प्रदूषण आणि शेतकऱ्याचा नफा यांचा मेळ कसा घालायचा, हे शिकायचे असेल तर ऊर्जा किंवा औद्योगिक पर्यावरण-अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम निवडावा.

या वाटेने गेलेली माणसे आपल्याजवळच सापडतात. डॉ. आनंद कर्वे यांनी जर्मनीत ट्युबिंगेनला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली. पुढे त्यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेला पाचटापासून कोळसा बनवण्याच्या तंत्रासाठी २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. डॉ. अनिल राजवंशी फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९८१ मध्ये फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले. पाचट आणि चिपाडावर चालणारे गॅसिफायर तिथे विकसित झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातले ज्ञान उसाच्या फडाला लागू पडते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता पैशाचे. शेतकरी कुटुंबाची खरी अडचण तारणाची असते. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, पण शेतजमीन बहुतेक ठिकाणी चालत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने थकीत कर्जापोटी तिची जप्ती त्या कायद्याने करता येत नाही. म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज, असा क्रम ठेवावा. युरोपातल्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ होते आणि दरमहा १४०० युरो मिळतात. शिक्षण किमान दोन देशांत होते. जर्मनीची डाड ही संस्था विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती देते, पण त्यासाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या चिव्हनिंगलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मराठा विद्यार्थ्यांनी सारथीची योजना पाहावी. उत्पन्नाची मर्यादा आणि मुदती बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

अनुभवाची अट ऐकून खचू नका. ती दोन वर्षे पाणी, शेती किंवा ऊर्जेवर काम करणाऱ्या संस्थेत घालवली, तर अर्जासोबत जोडायच्या निवेदनाला वजन येते. ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ असे हजारो अर्जदार लिहितात. आपल्या विहिरीची पातळी, आवर्तनाच्या तारखा, एकरी पाणी आणि उतारा यांची नोंद मात्र फार थोड्यांजवळ असते.

तेव्हा शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलामुलीने आजच एक वही घालावी आणि येत्या आवर्तनापासून या नोंदी सुरू कराव्यात. पालकांनीही त्यांना विहिरीवर आणि कालव्यावर सोबत न्यावे. परदेशी विद्यापीठाचा अर्ज तिथूनच सुरू होतो.