धडधाकट दिसतो, मग मदत कशाला?

बालाघाटच्या माणसाला विमान धरायचं तर गोंदियाजवळचं बिरसी किंवा नागपूर. बिरसीला डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोची सेवा सुरू झाली, तसं विमान जवळ आलं. पण चालत आलेल्या तरुणाने व्हीलचेअर मागितली की आजही रांगेतल्या भुवया उंचावतात.

दिसतं तेच अपंगत्व, हा पहिला गैरसमज. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आहेत आणि आपल्या पट्ट्यात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेलही आहे. सिकलसेलचा रुग्ण एरवी ठणठणीत दिसतो. तासभर रांगेत उभा राहिला की सांधे ठणकू लागतात. उडत्या विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच राहतो. ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, तर त्रास आणखी वाढतो.

म्हणून सिकलसेलवाल्याने विमानात बसूच नये, असं मात्र नाही. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून, भरपूर पाणी पिऊन, अंगावर शाल घेऊन खुशाल जावं. नुकताच वेदनेचा झटका येऊन गेला असेल तर तिकीट पुढे ढकलावं.

दुसरा गैरसमज, मदत ही विमान कंपनीची मेहेरबानी. मे 2022 मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, इंडिगोला 5 लाखांचा दंड ठोठावला. त्यानंतर नियम बदलला. आता अपंगत्वाचं कारण सांगून प्रवासी नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर आधी डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासायला हवं. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच, की गरज किमान 48 तास आधी कळवावी. इथेच आपलं अडतं. लग्नाची बोलणी चालू असताना आजार झाकायची सवय तिकीट काढतानाही सुटत नाही.

न दिसणारं अपंगत्व असलेले प्रवासी गळ्यात घालतात, त्या सूर्यफुलाच्या हिरव्या फितीविषयीही असाच घोळ आहे. ती 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. भारतात ती प्रथम बंगळुरूने आणली. ती गळ्यात घातली म्हणून सुरक्षा तपासणी चुकत नाही, रांगही टळत नाही. या माणसाला थोडा जास्त वेळ द्या, सावकाश बोला, एवढंच ती कर्मचाऱ्यांना सांगते. बिरसी-नागपूरहून निघणाऱ्याने फितीच्या भरवशावर राहू नये. कंपनीला फोन करून तिकिटावर नोंद करून घ्यावी. स्वमग्न मुलासाठी व्हीलचेअर सांगून भागत नाही; त्याची नोंद ‘डीपीएनए’ या वेगळ्या कोडखाली होते, ती नाव घेऊन मागावी.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, प्रवासात जवळ असलेलं बरं. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा.