जेध्यांच्या घरातला अनाम कारकून

भोरची एसटी स्वारगेटहून सुटते. त्या चौकाला केशवराव जेधे यांचं नाव आहे, आणि जेधे मूळचे भोर तालुक्यातल्या कारीचे, हे गाडीतल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे. संपादकांनी सांगितलं होतं, भोर-वेल्ह्यातल्या जुन्या घराण्यांवर लिहा. घराण्यांना इथं तोटा नाही. मावळात खोरं तितके देशमुख : रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात सिलिमकर, कानद खोऱ्यात मरळ, मोसे खोऱ्यात पासलकर. पुढे यातला बराचसा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात गेला आणि 1948 साली विलीन झाला. संस्थानाच्या बहुतेक तालुक्यांची नावं विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांवरून होती. वेल्ह्याचं नाव अलीकडे ‘राजगड’ झालं, ते तसं नवं नाही.

पण मला या सगळ्यांपेक्षा एका माणसाचं कुतूहल वाटत राहिलं, आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. जेधे शकावली लिहिणारा तो. कारीच्या दाजीसाहेब जेधे देशमुखांकडून ही शकावली लोकमान्य टिळकांना मिळाली आणि 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ती छापली गेली. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1551च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630चा, असं तिच्यात निघालं. तोवर बखरींच्या आधाराने 1627 साल धरलं जाई. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी सापडली आणि वाद पुष्कळसा मिटला. आज 19 फेब्रुवारीला सरकारी सुट्टी असते, तिचं मूळ असं एका देशमुखाच्या घरच्या कागदात आहे.

कागद तसा रुक्ष. शके, संवत्सर, महिना, तिथी, कधी वार, आणि पुढे एका ओळीत घटना. सुरुवात होते औरंगजेबाच्या जन्मापासून, शके 1540, आणि हिशेब इसवी सन 1697पर्यंत येतो. अफजलखान मारला गेला, आग्र्याहून सुटका झाली, राज्याभिषेक झाला, महाराज गेले. सगळं एकाच आवाजात. जेध्यांच्या घरचं काही घडलं की तेही त्याच ओळींत, ना मोठ्या अक्षरात ना लहान. शत्रूचा जन्म आणि धन्याचा मृत्यू ज्याला सारख्याच शाईने लिहिता आला, तो घरचा कारकून असावा असं मला वाटतं. मुलगा किंवा भाऊ असता तर एखादं विशेषण निसटलंच असतं.

त्याने हे का लिहिलं असेल? याचं उत्तर शेजारच्या दुसऱ्या कागदात आहे. जेध्यांचा करीना. करीना म्हणजे वतनाच्या वादात मांडायची घराण्याची हकीकत : वतन कुणी मिळवलं, वडीलकी कुणाची, तक्षीम, म्हणजे वाटणी, कशी पडली. गोतसभेपुढे तोंडी बोलणं पुरत नसे, साल आणि साक्षीदार लागत. म्हणून या करीन्यात कादंबरीला पुरेल एवढं रक्त आहे. कान्होजी जेध्यांचा बाप भाऊबंदकीत मारला गेला, तान्ह्या कान्होजीला विश्वासू माणसांनी लपवून वाचवलं. मग 1659, अफजलखान चालून आला, आदिलशहाचं फर्मान हातात. खोपडे तिकडे गेले. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. ज्या वतनासाठी बापाचा जीव गेला, त्यावरच. हा प्रसंग करीन्यात आला, तोही शेवटी वतनाचा दावा भक्कम करायला. मला यात काही कमीपणा वाटत नाही. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरही कुटुंबांचा इतिहास जमिनीच्या लहानशा तुकड्यांवरूनच जुळवतात. जिथं मातीवर हक्क सांगायचा असतो, तिथंच आजोबा-पणजोबा लिहून ठेवले जातात.

बाकीच्यांचं काय? देशमुखांचं लिहिलं गेलं. कुळांचं, बलुतेदारांचं, बायकांचं नाही. त्यात धरणं आली. भाटघर 1928चं, मग पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा देवघर. भोर तालुक्यातल्या कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ भाटघरच्या पाण्यात आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं, लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात, पाऊस लागला की पुन्हा बुडतं. देव निदान वर्षाकाठी भेटतो. जुन्या गावठाणात कुणाचं घर कुणाच्या घराला लागून होतं, हे सांगणारी माणसं मात्र संपत चालली आहेत.

2023मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वंशावळीला पुन्हा भाव आला. कोतवाल बुकं, शाळेची जनरल रजिस्टरं, जन्ममृत्यूचा नमुना 14 बाहेर निघाले. जुन्या नोंदी मोडीत. मोडी वाचणारे मोजके. पानं कसरीने खाल्लेली, आडनाव कधी लिहिलेलं तर कधी नुसतं ‘राणू वलद धोंडी’. नोंद सापडली तरी तोच धोंडी आपला पणजोबा, हे जुळवायला मधल्या दोन पिढ्यांचा कागद लागतो, आणि तो नेमका नसतो. घरातलं म्हातारं माणूस दहा वर्षांपूर्वी गेलेलं असतं.

लेकींची गोष्ट तर आणखी वेगळी. पुणेकरांची फार्महाउसं आली तशी इथल्या डोंगरउताराला किंमत आली. वारस नोंदीत आता मुलींची नावं लागतात, कायदाच आहे. ती लागली की लवकरच हक्कसोडपत्र होतं, बहीण सही करते, नाव कमी होतं. फेरफारात तिचं येणं-जाणं दोन्ही तारखेनिशी नोंदलेलं असतं. बऱ्याच घरांच्या दप्तरात बाईचं नाव सापडण्याची ही एकच जागा.

तेव्हा गाव भोर-वेल्ह्यात असो की आणखी कुठे, पुढल्या खेपेला जाल तेव्हा तलाठ्याकडून जुन्या फेरफारांची आणि 6-क वारस नोंदवहीची नक्कल मागून घ्या. त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. पणजीचं माहेर कुठलं, आत्या किती, कुणाला कुठे दिलं, कोण लहानपणीच गेलं, हे साल-महिन्यासकट लिहून काढा. साल आठवत नसेल तर ‘पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर’ असं विचारा. ते 12 जुलै 1961 रोजी फुटलं.