खांदा धरला तर हात बांधून ठेवू नका



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाण्याविषयी लिहितो. या वेळी विषय खांद्याचा. गटात फिरताना ‘साहेब, हात वर जात नाही, फवारणीचा पंप पाठीवर चढवता येत नाही,’ असे बरेच जण सांगतात. जुन्या फटफटीच्या अपघातामुळे आमचाही उजवा खांदा झिजला. दुखतो म्हणून महिनाभर आम्ही हात गळ्यात अडकवून हिंडलो, आणि तीच चूक झाली.

खांद्याचा सांधा म्हणजे गोळा आणि उथळ वाटी. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. वय, जुनी इजा किंवा संधिवात यांमुळे तो झिजतो. मग रात्री ठणका लागतो, हात पाठीमागे जात नाही. दुखतो म्हणून हलवायचा नाही. न हलवल्याने सांधा आखडतो, स्नायू रोडावतात आणि दुखणे वाढते. वापरात नसलेला पाट गवताने बुजावा, तसेच हे.

झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही. पण हालचाल टिकते, ताकद येते, दुखणे हलके होते. आम्हाला फिजिओथेरपिस्टने शिकवले ते असे :

१) प्रथम १० ते १५ मिनिटे सोसवेल असा शेक घ्यावा.

२) चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाकावे. दुखरा हात सैल सोडून झोक्यासारखा हलवावा.

३) उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरावी. चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात डोक्याकडे न्यावा.

४) भिंतीवर बोटे चालवीत हात वर न्यावा. पोचेल तिथे खूण करावी.

प्रत्येक प्रकार १० वेळा, दिवसातून दोनदा. थोडा ताण बसला तर चालेल, कळ येता कामा नये. दोन तासांनंतरही ठणका राहिला, तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करावा. पंप अर्धाच भरावा, खताचे पोते दोघांनी उचलावे.

मात्र आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. मधुमेह असल्यास तेही सांगावे, कारण त्यात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा पडल्यावर हात उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खांद्याबरोबर छातीत दुखून घाम फुटला, तर क्षणभरही थांबू नये.

आमचा हात पूर्वीसारखा झाला नाही. पण चार महिन्यांत भिंतीवरची खूण वीतभर वर सरकली, आणि आता सदरा दुसऱ्याच्या मदतीशिवाय घालता येतो. ऊस बारा महिने सांभाळता, खांद्याला रोजची २० मिनिटे द्या.

— ऊस विकास अधिकारी