आवाजाचे तुकडे व आवाजाचा धनी

वीणेची तार तुटली तर नवी घालतां येते. परंतु एकाचा गळा दुसऱ्यास उसना देतां येत नाहीं, अशी आपली समजूत होती. ती आतां खरी राहिलेली नाहीं. हल्लीं गवयाचा आवाज लहान लहान तुकड्यांच्या रूपानें विकत मिळतो, आणि ज्यानें त्या गवयास कधीं पाहिलेंहि नाहीं असा मुलगा संगणकापुढें बसून त्यास आपल्या गीतांत गावयास लावतो. अशा तुकड्यांच्या संचास 'व्होकल सॅम्पल पॅक' म्हणतात. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं गेल्या स्नेहसंमेलनासाठीं 'रेगे' व 'डब' ह्या पद्धतीचें एक गीत अशाच रीतीनें तयार केलें. त्या निमित्तानें आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, व आमच्या हातून जी चूक घडली ती, अशीं दोन्ही येथें सांगावयाचीं आहेत.

रेगे हें जमेका बेटाचें संगीत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तें उदयास आलें. त्याची चाल संथ असते. चार मात्रांच्या आवर्तनांत पहिली मात्रा मोकळी ठेवून तिसरीवर वजन द्यावयाचें, ही त्याची एक प्रसिद्ध तऱ्हा होय. आपल्या कानास समेवर जोर ऐकण्याची संवय. तेथें समच रिकामी! म्हणून प्रथम ऐकणाऱ्यास कांहीं तरी चुकल्यासारखें वाटतें. १९६८ च्या सुमारास तेथील एका तबकडीवर गायकाचा आवाज उमटावयाचा राहून गेला. ती तशीच वाजवितांच जमलेल्या लोकांनीं गीत स्वतः गाऊन पुरें केलें, अशी हकीकत सांगतात. पुढें तबकडीच्या एका बाजूस गीत व दुसऱ्या बाजूस बहुतेक नुसतें वाद्यसंगीत देण्याची चाल पडली. किंग टबी ह्या नांवानें ओळखला जाणारा ऑस्बर्न रडॉक (१९४१–१९८९) हा किंग्स्टन येथील विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारा कुशल कारागीर. त्यानें ह्या चालीची कला बनविली. आवाज मधूनच काढावा, एखादाच शब्द परत आणावा, आणि त्यास प्रतिध्वनि देऊन हळूहळू विरूं द्यावा, हाच डब. आजच्या तुकड्यांच्या संचाचें बीज येथें आहे. आपल्या शेजारीं गोव्यांतहि २०१६ पासून 'गोवा सनस्प्लॅश' नांवाचा रेगे-महोत्सव भरूं लागला.

आतां कृति पाहूं. संचांतील तुकड्याच्या नांवांतच बहुधा त्याची लय व स्वर लिहिलेला असतो. जसें, मिनिटास ७५ मात्रा, ए मायनर. आपल्या गीताच्या लयीस व स्वरास जवळचा असेल तोच तुकडा निवडावा. फार ताणला तर आवाज घोगरा व यांत्रिक होतो. तुकडा 'कोरडा' असावा, म्हणजे खोलीचा घुमारा त्यांत मिसळलेला नसावा; कारण घुमारा मागाहून घालणें सोपें, काढणें फार कठीण. आवाजांतील सुमारें १०० हर्ट्झखालचा भाग गाळून टाकावा. ती जागा बास गिटारीची आहे. प्रतिध्वनीचा हिशेब तर पांचवीच्या मुलासहि येईल. मिनिटास ७५ मात्रा, तर एका मात्रेस ६० भागिले ७५, म्हणजे ०.८ सेकंद. प्रतिध्वनि पाऊण मात्रेनें यावा असें वाटल्यास ०.६ सेकंद ठेवावे. शब्द मात्र थोडे घ्यावे व मध्यें जागा सोडावी; प्रतिध्वनीस उत्तर देण्यास अवकाश हवा.

विकतच्या संचाबरोबर परवाना येतो, तो वाचल्यावांचून पुढें जाऊं नये. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदां मूल्य दिल्यावर प्रत्येक वापरास निराळें देणें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. तोच आवाज दुसरे शंभर जण वापरूं शकतात, आणि तुकडे जसेच्या तसे पुनः विकण्यास बहुधा मनाई असते.

आमच्या मुलांस विकतच्या आवाजांत आपलेपणा वाटेना. एका विद्यार्थ्याची आजी भोर तालुक्यांतील शिवरे येथें राहते. तरुणपणीं जात्यावर दळतांना गायिलेल्या ओव्या तिला पाठ आहेत. आम्हीं मुलांसह जाऊन तिचें गाणें मोबाइलवर मुद्रित केलें. "शाळेसाठीं पाहिजे," एवढेंच आम्हीं तिला सांगितलें. जात्याच्या गाण्यास घड्याळाची लय नसते. हात थकला कीं ओवी लांबते. तेव्हां मुलांनीं दुसरी ओळ कापली, पहिली ठेवली, व तिच्या शेवटच्या शब्दास प्रतिध्वनि दिला. आम्हीं तें ऐकून शाबासकी दिली. संमेलनास आजीबाई पुढच्या रांगेंत होत्या. गीत संपल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, माजी ववी अर्धीच का ठिवली? पैल्या वळीत म्या सासरचं दुक सांगितलं. दुसरीत माजा भाऊ मला न्यायला येतो. तुमी त्याला दारातनंच माघारी लावलात." ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

ज्यांनीं ओव्यांचें मोल ओळखलें त्यांची रीत निराळी होती. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्या उभयतांनीं पुणें जिल्ह्याच्या डोंगरी गांवांपासून आरंभ करून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहांत त्या प्रसिद्ध होऊं लागल्या. तेथें ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांवहि दिलेलें असतें. कायदाहि हेंच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं गाणाऱ्यांचे हक्क घातले गेले. २०१२ सालीं त्यांत आणखी भर पडली: आपलें नांव लागावें, व लौकिकास बाध येईल अशी आपल्या गाण्याची मोडतोड होऊं नये, असें म्हणण्याचा अधिकार गाणाऱ्यास मिळाला. नुसती काटछाट कायद्यानें मोडतोड ठरत नाहीं, हें खरें. परंतु आजीबाईंची तक्रार कायद्याची नव्हतीच.

पुढच्या रविवारीं आम्ही पुनः शिवऱ्यास गेलों, क्षमा मागितली, व तिच्या आवाजाचें काय करणार आहों तें संगणकावर प्रत्यक्ष ऐकवून दाखविलें. तिनें परवानगी दिली, पण एका अटीवर: "माजा भाऊ येतो तवा तुमचा बाजा थांबवा." मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. वाद्यें थांबवून एकटा आवाज उघडा ठेवणें, हीच तर किंग टबीची करामत! नव्या गीतांत दुसऱ्या ओळीस सर्व वाद्यें थांबतात, आणि खालीं आजीबाईंचें नांव व गांव लिहिलेलें आहे.

विद्यार्थ्यांनो, यंत्र जरूर शिका. परंतु आवाज कापण्यापूर्वीं त्याच्या धन्यास विचारा, आणि त्याचें म्हणणें कोठें पुरें होतें तें आधीं ऐकून घ्या.